समुद्र नसलेल्या वऱ्हाडाने मीठ कसे केले? प्रतीक, प्रचार आणि 'ब्रँडिंग'विषयी काही विचार

१/ दांडीयात्रा म्हणजे 'इतिहासातील सर्वोत्तम ब्रँडिंग मोहीम', अशा अर्थाच्या पोस्ट तुम्हीही वाचल्या असतील. मला हे वर्णन अपुरे वाटते. ते का, हे सांगण्यासाठी आपण दांडीपासून दूर, अकोला जिल्ह्यातील एका गावी जाऊ. #थ्रेड

२/ आधी पार्श्वभूमी. मिठावर सरकारची मक्तेदारी होती आणि त्याचा कर गरिबाच्या ताटातूनही वसूल होई. तरीही इतका लहान विषय निवडल्याबद्दल मोतीलाल नेहरूंसारखे ज्येष्ठ नेते आरंभी साशंक होते. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. शंका तिथेच विरल्या.

३/ आता वऱ्हाडची अडचण पाहा. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा सारा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. किनाराच नाही, तर मिठाचा कायदा मोडायचा कसा? दांडीकडे पाहून नुसता जयघोष करणे एवढेच हाती उरले असते.

४/ उत्तर पायाखालीच होते. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. माझे आजोळ दर्यापूर तालुक्यातले. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याला लोकांनी दूषणे दिली, तेच पाणी १९३० साली कामी आले.

५/ अकोल्याच्या उत्तरेस, याच पट्ट्यात दहीहंडा हे गाव आहे. एप्रिल १९३० मध्ये सत्याग्रहींनी तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार केले आणि कायदा मोडला. गुजरातच्या किनाऱ्यावरचे प्रतीक वऱ्हाडच्या विहिरीतून वर आले.

६/ प्रचाराचा अभ्यास करणाऱ्यांसाठी पहिला धडा इथे आहे. वरून आलेली घोषणा जशीच्या तशी गिरवल्याने मोहीम रुजत नाही. आपल्या गावात तिचा अर्थ काय, हे तिथल्याच माणसांना शोधावे लागते. दहीहंड्याची विहीर अहमदाबादेत बसून सुचली नसती.

७/ दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. खाऱ्या विहिरी साऱ्या वऱ्हाडात नाहीत. शिवाय पावसाळा आला की मिठाचे काम थांबणार. वऱ्हाडी शेतकऱ्याचा सरकारशी रोजचा खटका उडे तो राखीव जंगलाच्या हद्दीवर. बैलांसाठी चारा आणि चुलीसाठी सरपण आणायचे, तर आड येई जंगलाचा कायदा.

८/ म्हणून मिठाच्या जागी गवत आले. १० जुलै १९३० रोजी यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात परवान्याविना गवत कापले आणि अटक करवून घेतली. अणे टिळकांच्या परंपरेतले. गांधीजींच्या कायदेभंगाच्या मार्गाविषयी त्यांचे मतभेद जाहीर होते. तरीही विळा त्यांनीच हाती घेतला.

९/ इथे प्रतीक बदलले, मागणी मात्र तीच राहिली: अन्यायाचा कायदा मानणार नाही. 'ब्रँडिंग'च्या भाषेत हे बसवणे कठीण आहे, कारण तिथे चिन्ह जपायचे असते. १९३० च्या कार्यकर्त्यांनी चिन्ह सोडून दिले आणि आशय जपला.

१०/ आणि किंमत? जाहिरातीतली वस्तू घेणारा पैसे मोजतो. मूठभर मीठ किंवा पेंढीभर गवत घेणाऱ्याने तुरुंगवास पत्करला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. 'यशस्वी मोहीम' हा शब्द उच्चारण्यापूर्वी हे आठवावे.

११/ पुढे स्वातंत्र्य आले आणि १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. देशात साक्षरता सुमारे १८ टक्के. त्यामुळे प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावी लागली नसेल. पोळ्याला जिची पूजा होते, तीच ती जोडी. अमरावतीहून पंजाबराव देशमुख निवडून गेले आणि देशाचे कृषिमंत्री झाले.

१२/ १९६९ साली काँग्रेस फुटली, तेव्हा या बैलजोडीवरूनच वाद पेटला आणि १९७१ ची निवडणूक इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन लढला. तेव्हापासून आजवर चिन्हासाठी आयोगाच्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढणारे पक्ष आपण पाहत आलो आहोत. चिन्ह टिकवण्याची ही धडपड पाहिली की मला पुसदचे गवत आठवते.

१३/ माझे मत एवढेच. राजकीय मोहिमांकडून 'मार्केटिंग' जरूर शिकावे, पण तिथे थांबू नये. पुढच्या वेळी एखादी घोषणा किंवा चिन्ह समोर आले की दोन प्रश्न विचारा: हे माझ्या विहिरीतून आले आहे का? आणि ते मिरवणारा त्यासाठी स्वतः काय गमावायला तयार आहे? दहीहंडा आणि पुसदला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती.

१४/ तुमच्या तालुक्यात १९३० साली काय घडले, हे घरच्या जुन्या माणसांना विचारून पाहा. त्यांनी ऐकलेले काही असेल, तर खाली जरूर लिहा. वऱ्हाडचा पुष्कळ इतिहास अजून पुस्तकांत आलेलाच नाही.