समुद्राने उघड्या पाडलेल्या दफनभूमी

ब्रिटनमधील वेल्सच्या पश्चिम टोकाला, सेंट डेव्हिड्स शहराजवळ व्हाइटसँड्स उपसागराच्या काठी सेंट पॅट्रिक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चॅपेलचे अवशेष व त्याची दफनभूमी वाळूखाली गाडलेली आहे. लाटांच्या माऱ्याने तेथे मानवी अस्थी अधूनमधून उघड्या पडत असत. २००४ मध्ये संरक्षणासाठी पायथ्याशी मोठाले दगड रचण्यात आले. २०१४ च्या प्रारंभीच्या वादळांनी ते हलवून टाकले आणि उत्खनन अटळ ठरले. दगडांनी दहा वर्षे मिळवून दिली, एवढेच.

डव्हेड आर्किऑलॉजिकल ट्रस्ट व शेफील्ड विद्यापीठ यांनी २०१४ ते २०१६ आणि पुढे २०१९ व २०२१ मध्ये समुद्राकडील धोक्याच्या पट्टीत काम केले. त्यातून शंभराहून अधिक सांगाडे मिळाले. ते आरंभीच्या मध्ययुगातील ख्रिस्ती समाजाचे, स्त्रिया, पुरुष व बालकांचे आहेत. काही कबरींना दगडी फरशांचे अस्तर आहे, तर काही बालकांच्या कबरींवर पांढरे गारगोटे ठेवलेले आढळले. वाळू साचत गेली तशा जुन्या कबरींवर नव्या कबरी आल्या.

पश्चिम वेल्समधील माती आम्लधर्मी असल्याने तीत हाडे सहसा टिकत नाहीत. येथे शिंपल्यांच्या चुऱ्याची चुनायुक्त वाळू वाऱ्याने येऊन पसरली, म्हणूनच ती टिकली. मात्र हीच भुसभुशीत वाळू लाटेपुढे तग धरत नाही.

दफने शक्यतो हलवू नयेत, हा पुरातत्त्वाचा सर्वमान्य संकेत. उत्खनन म्हणजेही एका अर्थी स्थळाचा नाशच. पण येथे दुसरा पर्याय उरला नव्हता. खरी अडचण पैशाची असते. इमारत वा रस्त्याच्या कामामुळे पुरावशेष धोक्यात आले तर ब्रिटनमध्ये उत्खननाचा खर्च साधारणपणे विकासक उचलतो. समुद्राच्या नावे देयक काढता येत नाही. त्यामुळे अशा कामांची भिस्त सरकारी अनुदान व धर्मादाय निधीवर राहते. शिवाय खर्च खोदकामापाशी संपत नाही. दातांच्या रासायनिक परीक्षणातून व्यक्तीचे बालपण कोठे गेले याचा अंदाज येतो. पण त्याला वर्षे लागतात, आणि तोवर अस्थी जतन कराव्या लागतात.

अस्थींचे पुढे काय करावे, याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात काप-दे-रोझिए येथील किनाऱ्यावर २०११ मध्ये तीन बालकांच्या अस्थी सापडल्या. २०१६ च्या उत्खननात आणखी १८ व्यक्तींचे अवशेष मिळाले. आयर्लंडमधील दुष्काळातून निघालेल्या लोकांना घेऊन येणारे 'कॅरिक्स' हे जहाज १८४७ मध्ये तेथे बुडाले होते. हे त्याचेच प्रवासी, असा निष्कर्ष निघाला. २०१९ मध्ये जवळच्या स्मारकापाशी त्यांचे पुन्हा दफन करण्यात आले. तेथे जहाजाचे नाव ठाऊक होते आणि वंशजही हयात होते. व्हाइटसँड्सच्या मृतांवर असा हक्क सांगणारे कोणी नाही.