खेळ तसे बटण

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण तुम्हांला माहीत आहे. उर्दूतही ती जवळजवळ अशीच आहे. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचेच पाहा.

जुने खेळ खेळण्यासाठी आज खास छोटी यंत्रे मिळतात. त्यांपैकी अनेकांच्या डाव्या बाजूला दोन गोष्टी असतात. एक म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण. त्याला डी-पॅड म्हणतात. दुसरी म्हणजे अंगठ्याने चहूकडे झुकणारी लहान दांडी. तिला अॅनालॉग स्टिक म्हणतात. पुष्कळ मुलांना वाटते, दांडी नंतर आली, म्हणून तीच चांगली. मला हे पटत नाही. जुन्या खेळांसाठी डी-पॅडच चांगले.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील अभियंते गुनपेई योकोई यांनी हे बटण तयार केले. १९८२ साली 'डाँकी काँग' या खेळाच्या खिशात मावणाऱ्या यंत्रावर ते आले. १९८९ च्या गेम बॉयवरही तेच होते. त्याखाली चार दिशांचे चार संपर्क असतात. बटण दाबले की संपर्क जुळतो, सोडले की तुटतो. खेळाला फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढाच इशारा मिळतो. जुने खेळ याच इशाऱ्यावर चालतात.

दांडीचे काम निराळे आहे. ती दिशा तर सांगतेच, शिवाय किती झुकली तेही सांगते. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' या खेळात दांडी थोडी झुकवली तर मारिओ हळू चालतो, पूर्ण झुकवली तर धावतो. अशा खेळाला दांडीच हवी.

आता गेम बॉयवरचा 'टेट्रिस' घ्या. तिथे तुकडा डावीकडे किंवा उजवीकडे एकेक घर सरकतो. अर्धे घर नसतेच. मग दांडी किती झुकली, या माहितीचा उपयोग काय? उलट तोटाच होतो. अंगठा जरा तिरका खाली गेला, तर तुकडा वेगाने खाली उतरतो आणि नको तिथे बसतो. डी-पॅडच्या चारही कडा अंगठ्याला जाणवतात. न पाहता दिशा कळते.

तुम्ही म्हणाल, "सर, यंत्रावर दोन्ही असले तर काय बिघडले?" काहीच नाही. पण कोणती वस्तू कोठे बसवली आहे, ते पाहा. अंगठा सहज जिथे टेकतो, तिथे दांडी असेल आणि डी-पॅड खाली कोपऱ्यात असेल, तर अंगठा सारखा वाकवावा लागतो. थोड्या वेळात तो दुखू लागतो.

म्हणून असे यंत्र घेण्याआधी स्वतःला विचारा, आपण कोणते खेळ खेळणार? खेळ जुने असतील, तर आधी डी-पॅड दाबून पाहा. दांडी नसली तरी चालेल. जास्त बटणे म्हणजे चांगले यंत्र, असे समजून घरच्यांचे पैसे खर्च करू नका. सुतार खिळा ठोकायला हातोडी घेतो, करवत नाही. अवजार कामाप्रमाणे निवडावे लागते.

आणि हो, डी-पॅड उत्तम असूनही हरलात, तर मात्र अंगणाला नावे ठेवू नका. सराव करा.