एक संगणक, दोघांचं काम

मंडळाच्या संगणकावर कुणी अंक लावत बसलं की जामबागला घरी असलेल्याने हात बांधून थांबायचं, हे का? एनीडेस्कने जोडलं तर समोरचाच पडदा दिसतो. माउस एक, ओढणारे दोघे. लिनक्स तर मुळातच अनेकांसाठी. एक्स विंडो 1984 पासून एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्याच्या पडद्यावर दाखवतेय! एक्सआरडीपी बसवा: खुर्चीतल्याचं सेशन वेगळं, घरच्याचं वेगळं. घरी जुना लॅपटॉपही चालतो, कारण खरं काम इथल्या यंत्रावर होतं. पण खाती वेगळी हवीत. एकाच खात्याने दोन्हीकडे शिरलात तर बऱ्याचदा नुसता काळा पडदा. म्हणून ‘सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड’ ही आपली लाडकी पद्धत आधी बंद करा. जोडणी एसएसएचमधूनच घ्या. नव्या संगणकाचा अर्ज मग लिहू.