हिरव्या फलकाखालचा टँकर

दिवा स्थानकाच्या पूर्वेस उतरून बाजारातून वाट काढीत असता, वर ‘निसर्गाच्या कुशीत पर्यावरणस्नेही घरे’ अशी ग्वाही देणारा फलक आणि त्याच्याच छायेत पाण्याच्या टँकरभोवती मांडलेली हंडे-कळश्यांची रांग असे दृश्य नजरेस पडले, तेव्हा मला हसू आले नाही. ज्या गावात वर्षानुवर्षे ठाणे महापालिकेचा कचरा येऊन पडला, तेथील रहिवाशाला ‘हरित’ या विशेषणाचे अप्रूप कोठून असणार?

दोष केवळ बांधणाऱ्याचा नव्हे. जाहिरात लिहिणाऱ्या आम्हा शब्दजीवींचाही आहे. सांडपाणी शुद्ध करून किती लिटर परत वापरात येईल, सौरपत्र्यांवर फक्त जिना उजळेल की पाण्याचा पंपही चालेल, हरित मानांकन नकाशावरचे आहे की पुरी झालेली इमारत तपासून दिलेले, हा तपशील रुक्ष वाटतो म्हणून आम्ही तो गाळतो आणि त्याच्या जागी झाडे रंगवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असे मोघम दावे पुराव्यानिशी करावयास फर्मावले आहे; २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे कलम १२ तर खोट्या जाहिरातीवर विसंबून नुकसान सोसणाऱ्यास भरपाईचा हक्क देते. कायदे पुरेसे आहेत. वानवा आहे ती नेमक्या वाक्याची.

तेव्हा घर पाहावयास जाल त्या दिवशी फलकावरील झाडे मोजू नका. महापालिकेच्या नळजोडणीचा मंजुरी-कागद मागा.