आंबा यंत्राच्या मापाचा नसतो

आंबा कापायला यंत्र लागतं असं आता मोबाईल सांगायला लागलाय. गोल कडं, दोन बाजूला दांडे, मधी कोयीच्या आकाराचं भोक. आंबा उभा धरायचा, वरनं दाबायचं, दोन फोडी बाजूला आणि कोय मधी. किंमत 450 रुपये.

एकानं घरी हौसेनं घेतलं तर माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या कोनमधल्या एका बचत गटाला विकणाऱ्यानं "मूल्यवर्धनासाठी" म्हणून दहा नग गळ्यात घालायचं ठरवलंय. बारा बाया महिन्याला शंभर-शंभर टाकतात. साडेचार हजार म्हणजे जवळपास चार महिन्यांची बचत. म्हणून एक नग मागून आणला नि वजनकाटा घेऊन बसलो.

दहा हापूस घेतले, एकेक 240 ग्रॅमच्या आसपास. पाच यंत्रानं, पाच सुरीनं. यंत्रातनं निघालेली कोय सरासरी 58 ग्रॅम भरली, सुरीनं कापलेली 36. म्हणजे फळामागं 22 ग्रॅम गर कोयीला चिकटून गेला. किलोला चार फळं धरा, नव्वद ग्रॅमच्या आसपास नुकसान. क्विंटलला नऊ किलो! तो गर परत सुरीनं खरवडायचा असेल तर यंत्र कशाला?

पायरीला चोच असते, फळ कलतं नि पातं कोयीवर बसतं. पाचातल्या तीन पायऱ्या चेंदल्या. रायवळाची तर गोष्टच नको. फळ मुठीएवढं, भोक त्याहून थोडंच लहान, बाजूला पडली ती निव्वळ साल. पाचवं फळ कापलंच नाही, चोखून खाल्लं. रायवळ त्यासाठीच असतो.

परदेशी दुकानांत वर्षानुवर्षं टॉमी अ‍ॅटकिन्स जातीचा आंबा चालत आलाय. अर्धा किलोचं फळ, जाड साल, टणक गर. हा साचा मला तसल्या फळाचा दिसतो. त्याला बरोबर बसत असेल. मध्यम, सरळ हापूसही बरा बसतो, आणि ज्याच्या हातात सुरी धरायची ताकद नाही त्याला सोय आहे, हे मान्य. पण गटाला करायचाय रस. रसाला आंबा कापतंय कोण? माचायचा, देठ काढायचा, पिळायचा. जास्त माल असेल तर पल्पर.

कोणी म्हणेल, हा जुन्या वळणाचा माणूस, नवं काही नकोच. तसं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नूतन झेला दिला तो आम्ही डोक्यावर घेतला. कारण करणाऱ्यानं आधी झाड बघितलं होतं. फळ देठासकट निघतं, जाळीत पडतं, चीक सालीवर येत नाही. त्याच विद्यापीठाची सिंधू जात बघा, कोय एकदम पातळ. कोयीचा त्रास त्यांनी फळातच कमी केला. आणि लोणच्याच्या कैऱ्या फोडायचा फळीवर बसवलेला मोठा अडकित्ता? कोवळ्या कोयीसकट कैरी फोडतो, लहान-मोठी सगळी. त्याची जाहिरात कोणी बघितलीय का?

कृषी सहायक आणि केव्हीकेच्या मंडळींना माझं सरळ म्हणणं आहे. प्रशिक्षणाच्या टेबलावर असली खेळणी मांडू देऊ नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सभासदाला खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे. त्याचा अर्ज कसा भरायचा ते या बायांना शिकवा. फणस फोडताना हात तेलात नि चिकात बरबटतात, कोकमं फोडून फोडून बोटं काळी पडतात. तिथं काही काढा की! साडेचारशे कशाला, चार हजार देऊ.

विकणारा म्हणतो, एकसारखी फळं निवडा म्हणजे यंत्र चालेल. म्हणजे साच्यात बसेल तो आंबा चांगला, बाकीचा टाकाऊ? उद्या घेणारा व्यापारी हेच माप घेऊन बागेत येईल, तेव्हा पायरीला नि रायवळाला भाव कोण देणार?

यंत्र रविवारपर्यंत माझ्याकडं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं आपल्याच झाडाची चार फळं घेऊन यावं. काटा ओट्यावरच ठेवलाय.