सरावाच्या गोळीचा हिशेब

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी गाव देशाला माहीत झाले. शिक्षकाच्या घरातला हा मुलगा सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडला. त्यामुळे मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतही आईबाप नेमबाजीचा विचार करू लागले तर नवल नाही. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर भागातल्या मुलामुलींच्या हाती बंदूक पहिल्यांदा येते ती बहुधा एनसीसीच्या शिबिरात, तीही ०.२२ रायफलच्या मोजक्या गोळ्यांपुरती. तिथून कुणी पिस्तुलाकडे वळायचे म्हटले की आधी पिस्तुलाची किंमत डोळ्यांपुढे येते. पण पिस्तूल एकदाच घ्यायचे असते, सुरुवातीला क्लबचेही चालते. गोळी मात्र प्रत्येक सरावाला लागते. या खेळात घर मेटाकुटीला येते ते गोळीपायी.

नवख्याला मिळणारा सल्ला साधारण एकच असतो: मोठे खेळाडू जी वापरतात तीच घ्या. म्हणजे इंग्लंडची एली टेनेक्स, जर्मनीची आरडब्ल्यूएस आर-५० किंवा फिनलंडच्या लापुआची वरच्या दर्जाची काडतुसे. ही काडतुसे उत्तमच आहेत, पण ती कुणासाठी हे लक्ष्याच्या कागदावरून कळते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचे असते. २५ मीटर पिस्तुलाच्या संथ फेरीत तेच वर्तुळ ५० मिलीमीटरचे, आणि जलद फेरीत १०० मिलीमीटरचे. निम्म्या अंतरावर जवळपास पाचपट मोठे वर्तुळ; अंतराचा हिशेब धरला तर पिस्तुलाला रायफलच्या जवळपास दहापट सवलत आहे. रायफलवाल्याला गोळीतला बारीक फरकही पदकाच्या बाहेर नेतो. पिस्तूलवाल्याच्या एका हाताचा कंप त्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. राही सरनोबतने २०१३ च्या चांगवॉन विश्वचषकात आणि २०१८ च्या एशियाडमध्ये ज्या प्रकारात सुवर्ण मिळवले, त्या २५ मीटर पिस्तुलासाठी रोजच्या सरावाला टेनेक्स लागत नाही, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

मग काय लागते? पिस्तूल न अडता चालले पाहिजे. जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर असते, सात सेकंद नसते. त्या तीन सेकंदांत हात वर आणून एक बार काढायचा. अशा वेळी रिकामे काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी अडकले की नुकसान एका बाराचे राहत नाही, हाताची लयच मोडते. स्पर्धेची पिस्तुले ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतुसांवर बेतलेली असतात; ही गोळी रायफलच्या लांब नळीतून सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली. दुकानात कधीकधी ‘हाय व्हेलॉसिटी’ स्वस्त मिळते आणि ती अधिक दमदार असेल असे वाटते. २५ मीटरवर त्या दमाचा काही उपयोग नाही. उलट धक्का वाढतो, पिस्तुलाची स्प्रिंग आणि स्लाइड विनाकारण मार खातात. एलीचे स्पोर्ट किंवा क्लब, एसकेचे खास पिस्तुलासाठीचे काडतूस, सीसीआयचे स्टँडर्ड, यांतले जे परवान्यावर आणि पुरवठ्यात मिळेल ते पुरते.

पण कोणते, हे पिस्तुलालाच विचारावे लागते. एकाच कारखान्याची दोन सारखी पिस्तुलेही एकाच गोळीला वेगवेगळी साथ देतात. दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी घ्यावी, पिस्तूल टेकवून २५ मीटरवर पाच-पाच बारांचे चार-पाच गट काढावेत. ज्या प्रकारांचे सर्व गट तीन सेंटिमीटरच्या आत बसले आणि पेटीतल्या ५० पैकी एकही काडतूस अडले नाही, त्यांतले सर्वांत स्वस्त निवडावे. मग शक्य तितके एकाच लॉटचे घ्यावे, कारण लॉट बदलला की दारू आणि मेणाचा मेळही थोडा बदलतो. ०.२२ मध्ये प्रायमरचे मिश्रण काडतुसाच्या कडेत फिरवून भरलेले असते. ते कुठे विरळ बसले तर बार फुसका जातो. अगदी स्वस्त मालात असे फुसके बार जास्त निघतात, आणि तिथे बचतीचा हिशेब उलटतो. फुसका बार गेला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचे, हे प्रत्येक नवख्याच्या अंगवळणी पडलेच पाहिजे.

आता ‘स्वच्छ जळणारी’ गोळी. जाहिरातीत याचा अर्थ असतो नळीत काजळी कमी. काजळी, गोळीवरचे मेण आणि शिशाचा थर मिळून नळीमागचा भाग चिकट होतो, पिस्तूल अडू लागते. म्हणून ज्याने ते कमी होते ते काडतूस चांगलेच. पण काजळी दिसते, कापडाने पुसता येते. खरी काळजी न दिसणाऱ्या शिशाची आहे. ०.२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, बहुतेक निव्वळ शिशाची. प्रायमरमध्येही शिशाचे संयुग असते. १९२८ मध्ये जर्मनीत आरडब्ल्यूएसने जुन्या गंज चढवणाऱ्या मिश्रणाच्या जागी शिशाच्या संयुगाचे ‘सिनॉक्सिड’ आणले, तेव्हा नळ्या वाचल्या; शिशाचा धूर मात्र नेमबाजाच्या तोंडासमोर आला. वर्षाला ५,००० बार काढणारा खेळाडू १३ किलो शिसे समोरच्या भिंतीत पाठवतो, आणि त्यातला बारीक अंश हवेत, हातावर, सदऱ्यावर राहतो. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत गंभीर होतो, आणि आपले बहुतेक नवे नेमबाज मुलेच असतात.

तांब्याचा किंवा पॉलिमरचा थर दिलेली गोळी आणि बिनशिशाचा प्रायमर यांनी शिशाचा हा धोका कमी होतो, पण असा माल महाग आणि आपल्याकडे दुर्मीळ. जे आपल्या हातात आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. बंदिस्त रेंजमध्ये हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहिली पाहिजे. फरशी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बार काढण्याच्या जागी खाणेपिणे नको. सरावानंतर साबणाने आणि गार पाण्याने हात-तोंड धुवावे, कपडे बदलावेत, ते घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. लहान भावंडे असलेल्या घरात हे अधिक कटाक्षाने पाळावे.

मराठवाड्याच्या उन्हाचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत काडतुसांची पेटी ठेवली की गोळीवरचे मेण मऊ होते, घसरते, आणि चाचणीत चांगली ठरलेली गोळी भरकटू लागते. पावसाळ्यात ओल लागते. परवान्याच्या अटींनुसार कुलूपबंद तर ठेवायचेच. जागा थंड आणि कोरडीही हवी.

खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग दारूच्या बाहेर आहे. नेम, श्वास आणि ट्रिगरवरचा दाब यांचा बहुतेक सराव रिकाम्या पिस्तुलावर, कोऱ्या भिंतीसमोर होतो. फक्त ०.२२ मध्ये रिकामा बार काढताना पिन नळीच्या कडेवर आपटू शकते, म्हणून पिस्तुलाची ड्राय-फायरची सोय किंवा खोटे काडतूस वापरावे. त्याच्या जोडीला १० मीटरचे एअर पिस्तूल. ४.५ मिलीमीटरचा छर्रा काडतुसाच्या मानाने फार स्वस्त पडतो, आणि २० ज्यूलच्या आतल्या अशा हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. दहा मीटरची जागा शाळेच्या मोठ्या खोलीतही निघते. छर्राही शिशाचाच, म्हणून हात धुण्याचा नियम तिथेही तोच.

एवढे करूनही काही हजार खऱ्या गोळ्या लागतातच, आणि इथे कंधारचा मुलगा मागे पडतो. बालेवाडी किंवा वरळीची रेंज गाठायची तर आख्खी रात्र प्रवासात जाते. दुसरीकडे मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. लातूरलाही राखीव दलाचे आहे. महिन्यातला एखादा दिवस या केंद्रांच्या देखरेखीखाली परवानाधारक आणि संघटनेच्या नोंदणीकृत खेळाडूंना सराव मिळावा, यासाठी नांदेड आणि लातूरच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी प्रस्ताव द्यावा. काडतुसे बनवणारे खडकी आणि वरणगावचे कारखाने महाराष्ट्रातच आहेत. खडकीचा तर १८६९ पासून. तरीही स्पर्धेच्या दर्जाची ०.२२ आपले नेमबाज मुख्यतः परदेशीच वापरतात. हे कारखाने चालवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचे मुख्यालयही पुण्यात आहे. सरावापुरती भरवशाची, एकसारख्या लॉटची स्टँडर्ड ०.२२ तिने क्रीडा संघटनांना थेट द्यावी, ही मागणी राज्याने लावून धरायला हवी. २०२० मध्ये केंद्राने शस्त्र नियमांत दुरुस्ती करून खेळाडूंसाठी काडतुसांच्या मर्यादा वाढवल्या. पण वाढलेली मर्यादा वापरायला एकेकट्या घराकडे पैसा नसतो. जिल्हा संघटनांनी वर्षाची गरज एकत्र मोजून कायद्याच्या चौकटीत एकाच लॉटची खरेदी करावी. आणि सरकारी निधीतून नवी रेंज बांधायची असेल, तर हवा खेचणारे पंखे, हात धुण्याची जागा आणि मुलांच्या रक्तातील शिशाची वर्षातून एकदा तपासणी या तीन गोष्टी अंदाजपत्रकात असल्याशिवाय तिला मंजुरी देऊ नये.