शंभर टक्के हजेरीचा ताप

परवा एका पालकसभेत एका व्याख्यात्यांनी तावातावाने सांगितले की, हल्लीची मुले नाजूक झाली आहेत. फ्लू म्हणजे जरा जास्तीची सर्दी. आम्ही नाक पुसत शाळेत जायचो. मूल चारदा आजारी पडले की आपोआप कणखर होते. लस, मास्क, सुट्टी ही सगळी औषध कंपन्यांची आणि लाडावलेल्या आयांची थेरं. टाळ्या पडल्या. त्या काळातले जे वाचले तेच आज व्याख्याने देतात, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

कणखरपणाचा मुद्दा एका ओळीत संपतो. फ्लूचा विषाणू आपले रूप बदलत राहतो, म्हणून लसीची घडणही दरवर्षी तपासून घ्यावी लागते. गेल्या वर्षीचा ताप यंदाची हमी देत नाही. आणि ‘जरा जास्तीची सर्दी’ हे निदान पुण्यात तरी बोलू नये. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो याच शहरात, आणि ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती.

माझे डोके फिरले ते पुढच्या वाक्याने. ‘आमच्या शाळेत शंभर टक्के हजेरीला बक्षीस आहे, म्हणून मुले दांडी मारत नाहीत!’ अहो, बरोबरच आहे. विषाणूही दांडी मारत नाही. या बक्षिसापायी घराघरांत काय चालते ते बघा. पहाटे मुलाचे अंग गरम लागते. साडेसहाला तापाचे सिरप पाजायचे, सातला रिक्षाकाकांच्या हवाली करायचे. सिरप ताप उतरवते, विषाणूला हात लावत नाही. पावसाचे दिवस, रिक्षाचे पडदे खाली, आत आठ मुले मांडीला मांडी लावून. वर्गात साठ, झड येते म्हणून खिडक्या बंद. मधल्या सुट्टीत एकाच बाटलीला चौघांची तोंडे. औषधाचा अंमल चार-सहा तासांचा. शेवटच्या तासापर्यंत मूल बाकावर डोके टेकते आणि बाई घरी फोन लावतात. तोवर प्रसाद वाटून झालेला असतो. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोगी दुसऱ्याला फ्लू देऊ शकतो, लहान मुले त्याहूनही जास्त. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यातही असतो, म्हणजे पहिल्या सत्राची हजेरी मोजली जाते नेमकी तेव्हा. मग गॅदरिंगला त्या मुलाला स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र देतात. त्याच्याकडून ताप घेऊन आठवडाभर घरी पडलेली मुले खाली बसून टाळ्या वाजवतात.

२००९ सालीही याच पंथाची मंडळी एकीकडे ‘घाबरण्यासारखे काही नाही’ म्हणत होती आणि दुसरीकडे रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत होती. तो वाद मी तेव्हाच पोटभर घातला आहे. एवढेच सांगतो की कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. विषाणूला त्याचे काहीच वाटत नाही.

मग करायचे काय? जपानच्या शाळांत फ्लू झालेल्या मुलाला आजार सुरू झाल्यावर पाच दिवस, शिवाय ताप उतरल्यावर दोन दिवस होईपर्यंत वर्गात घेत नाहीत, आणि हे दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. आपल्या मस्टरमध्ये असा एक रकाना आखायला किती खर्च येतो? त्याच देशात १९६२ ते १९९४ शाळकरी मुलांना शाळेतच फ्लूची लस टोचत. ते बंद पडल्यावर हिवाळ्यातले जादा मृत्यू वाढल्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, आणि त्या मृत्यूंत म्हाताऱ्यांचाच भरणा मोठा होता. म्हणजे नातवाच्या दंडावरची सुई आजीच्या कामी येत होती. आपल्याकडे ही लस सरकारच्या मोफत यादीत नाही. परवडेल त्यांनी पावसाआधी डॉक्टरांना विचारून घ्यावी. बाकी साबणाने हात धुणे आणि वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवणे, इतकेच.

ज्या आईची रोजंदारी बुडते तिने तापलेले पोर घरी कसे ठेवायचे, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि मस्टरच्या रकान्याने तो सुटत नाही. व्याख्यात्यांनी तो विचारलाच नाही. त्यांना काळजी होती अभ्यास बुडण्याची. अर्धा वर्ग आणि वर्गाच्या बाई एकाच आठवड्यात आडव्या झाल्या, तर कुठला धडा पुढे सरकतो, हे त्यांनी पुढच्या सभेत जरूर सांगावे.